दीड, अडीच, साडेतीन

आमच्या आजीला कुणी विचारलं की लेकरं किती, तर ती उलट विचारायची, झालेली का राहिलेली? झालेली नऊ, राहिलेली पाच. हे ती इतक्या साध्या आवाजात सांगायची की ऐकणाऱ्याच्या लक्षात यायलाही जरा वेळ लागायचा की मधली चार गेली. बीड जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, काळ साधारण १९५० ते ६५ चा, आणि आळीतल्या सगळ्याच बायकांचा हिशोब थोड्याफार फरकाने असाच, त्यामुळे तिला त्यात वेगळं सांगण्यासारखं काही वाटायचं नाही. मीच मोठी झाल्यावर खोदून खोदून विचारायला लागले, कारण माझी आई एएनएम, म्हणजे गावागावात फिरणारी आरोग्यसेविका, उपकेंद्रावर नोकरी, आमच्या घरात जेवताना सुद्धा त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची लस), गोवर, ड्यू लिस्ट म्हणजे डोसाची वेळ झालेल्या बाळांची यादी, हेच विषय, आणि आजी जे वर्णन करायची त्यावरून ती चार लेकरं कशाने गेली असणार हे मला ओळखू यायला लागलं होतं.

पहिला मुलगा. जन्मला तेव्हा चांगला दणदणीत, दोन दिवस मस्त दूध प्यायला, तिसऱ्या दिवसापासून तोंडच उघडेना. अंग ताठ, जरा कुणी हात लावला की आकडी, दार वाजलं तरी आकडी. आठव्या दिवशी गेला. नाळ विळ्याने कापली होती आणि वर चुलीतली राख लावली होती, तेव्हा सगळे तेच करायचे. हा नवजात बाळाचा धनुर्वात, आज कुठलाही डॉक्टर नुसतं ऐकून सांगेल. मग दोन मुली एकाच महिन्यात गोवराने गेल्या, आजीच्या भाषेत "गोवर आत जिरला", म्हणजे अंगावरचं पुरळ मावळलं आणि नंतर छाती भरली. आणि एक मुलगा डांग्या खोकल्याने, अडीच महिन्यांचा होता. त्यानंतर जे काका झाले त्यांचं नाव दगडू ठेवलं, नाव दगडाधोंड्याचं असलं की काळाची नजर जात नाही म्हणून. दगडूकाका आता सत्तरीच्या आसपास आहेत, त्यांच्या वयाचे दगडू आणि धोंडू आमच्याकडे गावोगाव सापडतील आणि प्रत्येकाच्या आधी घरातलं एखादं तरी लेकरू गेलेलं असतं.

पाचवी-सहावीला सटवाईची पूजा करतात ना, पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा तेवत ठेवायचा आणि बाळाला एकटं सोडायचं नाही. मला कायम वाटत आलंय की त्या रात्री जागायला बायकांना कुणी उगाच शिकवलं नसणार. धनुर्वात झालेलं बाळ साधारण तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत आजारी पडतं, म्हणजे ज्या रात्री जागायच्या त्याच या रात्री. हातात दुसरं काहीच नव्हतं तेव्हा बायका जाग्या राहिल्या. आज बाळाला वाचवायला त्याला स्वतःला टोचावंही लागत नाही, गरोदर आईला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं की तिच्या रक्तात तयार झालेलं संरक्षण वारेतून बाळात उतरतं आणि बाळ ते घेऊनच जन्माला येतं. शिवाय दवाखान्यातली बाळंतपणं, स्वच्छ ब्लेड, नाळेला काही न लावणं, हे सगळं बरोबरीने झालं आणि २०१५ साली भारताने माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन केल्याचं जाहीर झालं, म्हणजे कुठल्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी. जंतू मात्र मातीत आहेत तसेच आहेत, ते कधीच जाणार नाहीत, त्यामुळे हे इंजेक्शन प्रत्येक गरोदर बाईला प्रत्येक वेळी द्यावंच लागणार.

सरकारी लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम आपल्याकडे १९७८ ला सुरू झाला, १९८५ ला त्याचाच सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम झाला आणि त्यात गोवराची लस आली, तीही टप्प्याटप्प्याने एकेक जिल्हा करत. आई त्यानंतर काही वर्षांनी नोकरीला लागली. मी सुट्टीत तिच्याबरोबर लसीकरणाच्या सत्राला जायचे, अंगणवाडीच्या खोलीत नाहीतर मारुतीच्या पारावर, आणि तिचं काम मी अगदी जवळून पाहिलंय.

पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, सकाळी निळा व्हॅक्सिन कॅरिअर, लस थंड ठेवायचा डबा, यायचा, त्यात चार बाजूंना चार आइसपॅक. हे आइसपॅक फ्रीजरमधून काढले की लगेच भरायचे नसतात, आधी ओट्यावर काढून ठेवायचे, बाहेरून पाणी सुटू द्यायचं, आणि कानाशी धरून हलवला की आत पाणी हलल्याचा आवाज आला तरच भरायचा. आई हे कुणीही नवीन मुलगी आली की आधी शिकवायची. कारण लस उन्हाने बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं, गोठल्याने बिघडते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, कडक बर्फाचा पॅक पेंटाच्या (पाच आजारांवरच्या एकत्र लशीच्या) बाटलीला टेकून बसला आणि लस एकदा गोठली की नंतर वितळून ती दिसायला जवळपास तशीच दिसते पण तिचा उपयोग गेलेला असतो. उन्हासाठी बाटलीवर एक खूण असते, गोलात एक छोटा चौकोन, आतला चौकोन गोलापेक्षा फिकट असेपर्यंत लस चांगली, दोन्हींचा रंग एक झाला की बाटली बाद. आई प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून ते बघायची, मागे बायकांची कितीही रांग असो.

आणि गोवराची बाटली. ती पावडर असते, सोबत आलेलंच द्रावण घालून मिसळायची आणि मिसळल्याची वेळ तिथल्या तिथे पेनाने लेबलवर लिहायची. चार तासांनी उरलेली लस फेकून द्यायची, आत कितीही डोस शिल्लक असोत. या लशीत जंतू वाढू नयेत म्हणून काही घातलेलं नसतं त्यामुळे उघडी राहिलेली बाटली बाळाच्या जिवावर बेतू शकते. आणि उलट बाजूने, एकच बाळ आलं असलं तरी त्या एकासाठी नवीन बाटली फोडायची, पुढच्या वेळी या असं सांगून परत पाठवायचं नाही. एवढ्याशा दोन नियमांमध्ये किती विचार आहे असं मला अजूनही वाटतं.

टोचून झालं की अर्धा तास बसवून ठेवायचं. "पोरी, कोणतं दिलं ते ध्यानात ठेव, रात्री ताप येईल तर ही गोळी एवढी द्यायची, चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, पुढच्या वेळी अमुक वाराला यायचं आणि हे कार्ड पत्र्याच्या पेटीत ठेव." प्रत्येकीला हेच, त्याच क्रमाने. आमच्याकडे बायका लशींची नावं घेत नाहीत, त्या म्हणतात दीड महिन्याचं झालं, अडीचचं राहिलं, साडेतीनचं झालं की मग थेट नवव्या महिन्याचं. दीड, अडीच, साडेतीन. आईचं अर्धं आयुष्य या तीन आकड्यांच्या मागे धावण्यात गेलं.

आता या तीन आकड्यांबद्दलच मला खरं तर लिहायचं होतं, कारण लस दिली की झालं असं आपण धरून चालतो आणि ती कधी दिली याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. लहान बाळाच्या बाबतीत सगळं त्या "कधी"वर आहे. डांग्या खोकला मोठ्या माणसाला झाला तर माणूस महिना-दोन महिने खोकतो, हैराण होतो, पण बहुतेक वेळा निभावतं. दोन महिन्यांच्या बाळाला झाला तर त्याला धड खोकताही येत नाही, तो ओळखीचा आवाज येतच नाही, बाळ निळं पडतं आणि श्वास थांबतो. म्हणून पहिला डोस दीड महिन्यालाच ठेवलाय. एका डोसाने संरक्षण पुरं होत नाही पण जीव जाण्याइतका आजार होण्याचा धोका कमी होतो, मग पुढचे दोन डोस ते पक्कं करतात. सहाव्या महिन्यात तीनही एकदम देऊ असं करता येत नाही कारण बाळ जायची भीती सगळ्यात जास्त असते ती पहिल्या काही महिन्यांतच. आजीचा मुलगा अडीच महिन्यांचा होता. सर्दी आहे, आज अमावस्या आहे, पाहुणे आलेत, बघू पुढच्या महिन्यात, असं म्हणून जे पंधरा दिवस किंवा महिना जातो तो बाळाच्या त्याच नाजूक दिवसांतून जातो. (साध्या सर्दीत किंवा बारीक कणकणीत लस द्यायला काही हरकत नसते, हे कृपा करून घरातल्या मोठ्या माणसांना सांगा.)

गोवराचं थोडं वेगळं आहे. आईकडून आलेलं संरक्षण बाळात काही महिने टिकतं आणि ते असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून नऊ महिने थांबायचं. पण ते संरक्षण बऱ्याचदा त्याआधीच ओसरलेलं असतं, म्हणजे सहा ते नऊ महिन्यांचं बाळ मधल्या मध्ये उघडं पडतं. त्या बाळाला वाचवायचं तर त्याच्या आजूबाजूच्या मोठ्या मुलांना गोवर होता कामा नये, एरवी दुसरा उपाय नाही, आणि गोवर इतका पसरतो की त्यासाठी शंभरातल्या पंचाण्णव मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीला काय झालं ते आठवत असेल, मग मालेगाव, भिवंडी. कोविडच्या दोन वर्षांत मुलांचे डोस राहिले होते, दाटीवाटीची वस्ती, आणि गोवर नेमका त्या राहिलेल्या मुलांपर्यंत पोहोचला, काही लेकरं गेली. तेव्हा साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस द्यायचं ठरलं. तो नेहमीच्या डोसांत धरत नाहीत, नवव्या महिन्याचा परत घ्यावाच लागतो.

आणि गोवर बरा झाला म्हणजे संपला असंही नसतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या रक्तातल्या बाकीच्या आजारांविरुद्धच्या अँटिबॉडीज ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशा झालेल्या असतात, पाटी पुसल्यासारखं शरीर आधीचं शिकलेलं विसरून जातं. मग पुढे न्यूमोनिया, हगवण, काहीही. आजी म्हणायची गोवर आत जिरला, ते निरीक्षण तिचं बरोबर होतं असं मला आता वाटतं.

आता जो विषय निघाला की घरात भांडणं होतात त्याकडे येते. आईच्या हद्दीत एका वाडीवर डोस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाळ गेलं. मी तेव्हा कॉलेजात होते. वरून टीम आली, चौकशी झाली, बाळाला जन्मापासून हृदयाचा आजार होता असं निघालं, त्याच बाटलीतला डोस घेतलेली बाकीची बाळं ठणठणीत होती. पण त्या आईला हे सगळं कोण आणि कसं सांगणार? तिच्यासाठी काल सुई टोचली आणि आज बाळ नाही. माझी आई तिच्या घरी जाऊन नुसती बसून राहिली, समजावायला गेलीच नाही. त्या वाडीने नंतर कित्येक महिने सत्राला बाळ पाठवलं नाही आणि आई दर वेळी तिथे कॅरिअर घेऊन जातच राहिली.

बाळाच्या पहिल्या वर्षात इतक्या वेळा डोस असतात आणि दुर्दैवाने याच वर्षात बाळं सगळ्यात जास्त दगावतात, त्यामुळे काही मृत्यू डोसाच्या आगेमागे येणारच, डोस नसता तरी ते झाले असते. हे खरं आहे. आणि हेही खरं आहे की माणसाच्या चुकीने बाळ गेल्याच्या घटना जगात झाल्या आहेत. सामोआ नावाचा प्रशांत महासागरातला छोटा देश आहे, लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. तिथे २०१८ च्या जुलैमध्ये गोवराची लस मिसळताना नर्सने पाण्याच्या जागी स्नायू शिथिल करणारं, तेही मुदत संपलेलं औषध घातलं आणि दोन बाळं काही मिनिटांत गेली. लशीत काही दोष नव्हता, मिसळण्यात चूक झाली होती. सरकारने लसीकरण थांबवलं, ते कित्येक महिने थांबलं, लोकांचा विश्वास उडाला, गोवराची लस घेतलेल्या बाळांचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशावर आलं. आणि २०१९ च्या शेवटी गोवर शिरला. ८३ जण गेले, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची लेकरं. डिसेंबरमध्ये दोन दिवस अख्खा देश बंद ठेवून टीम घरोघरी फिरल्या, ज्या घरात कुणाची लस राहिली असेल त्या घराने बाहेर लाल कापड लावायचं असं सांगितलं होतं.

मी हे वाचलं तेव्हा मला आईचं ते लेबलवर वेळ लिहिणं आठवलं. त्या दोन बाळांचा मृत्यू झाकून ठेवावा, लोक घाबरतील म्हणून बोलूच नये, असं मला अजिबात वाटत नाही, उलट तो सांगितलाच पाहिजे आणि सोबत ते ८३ सुद्धा सांगितले पाहिजेत. लोक लशीवर विश्वास ठेवतात म्हणजे शेवटी समोरच्या सिस्टरच्या हातावर ठेवतात. म्हणून त्या हाताला वेळ, उजेड, नीट चालणारा फ्रीज आणि पुरेसं मनुष्यबळ द्यायला हवं. एकेका एएनएमकडे किती गावं, किती वाड्या, किती रजिस्टरं असतात हे एकदा जाऊन बघा.

जगाचा हिशोब मोठा आहे. १९७४ ला जागतिक पातळीवर हा कार्यक्रम सुरू झाला त्याला २०२४ मध्ये पन्नास वर्षं झाली, तेव्हा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, त्याचा अंदाज असा की या पन्नास वर्षांत लशींमुळे १५ कोटी ४० लाख जीव वाचले, त्यातली १० कोटींहून जास्त एक वर्षाच्या आतली बाळं, आणि बालमृत्यू दर जेवढा खाली आला त्यातला साधारण ४० टक्के वाटा लशींचा. आपल्याकडे १९७१ मध्ये हजार बाळांमागे १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती, २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६.

पण या २८ पैकी २० बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मताच न रडलेली, जंतुसंसर्ग झालेली. तिथे आपल्या दीड-अडीच-साडेतीनचा हात पोहोचतच नाही. तिथलं काम वेगळं आहे आणि त्याचा रस्ता गडचिरोलीतून निघाला, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली आणि नवजात बाळांचे मृत्यू ६० टक्क्यांहून जास्त कमी करून दाखवले, तो अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्या त्यातूनच आल्या. लशीने सगळं होतं असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही ते यासाठी. पहिला महिना आशाताईने सांभाळायचा आणि पुढचे महिने लशीने, यातलं एकही सुटलं तर बाळ जातं.

आणि सुटतं कोण? व्हॉट्सॅपवरचे मेसेज वाचून लस नाकारणाऱ्यांवर आपण खूप चिडतो, पण आईच्या यादीत नकार देणारे मोजकेच असायचे, तिची खरी काळजी दसऱ्याला सुरू व्हायची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाच्या उचलीवर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या, अख्खी गल्ली ट्रकमध्ये, भांडी, कोयते, शेळ्या, म्हातारी माणसं मागे आणि तान्ही लेकरं सोबत. कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक, ते परत यायचे पाडव्याच्या पुढेमागे. दीडचं घेतलेलं बाळ अडीच आणि साडेतीनच्या वेळी उसाच्या फडाच्या कडेला कोपीत असायचं. तिथल्या यादीत त्याचं नाव नाही, इथल्या यादीत नाव आहे पण बाळ नाही. आणि तिथे सत्र असलं तरी आईने जायचं कधी, पहाटे चारला कोयता सुरू होतो, एक दिवस पडला तर खाडा, आणि डोसाने रात्रभर किरकिर करणारं लेकरू घेऊन दुसऱ्या दिवशी मोळ्या कशा वाहायच्या. हे अडाणीपण नाही, त्या बाईला दोन्ही गोष्टी कळत असतात आणि त्यातली एकच परवडत असते. २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण चारातल्या तीनच मुलांचं लसीकरण पूर्ण झालेलं दिसलं. देशाला लस पुरवणारा कारखाना पुण्यात आहे, पोलिओचे थेंब परळच्या हाफकिनमध्ये बनत आलेत, आणि चारातलं एक लेकरू राहतं, हे मला खरंच सहन होत नाही.

आई टोळ्या निघायच्या आधी रात्री घरोघरी जायची. ज्यांना द्यायची वेळ झालीय त्यांना देऊन टाकायची, ज्यांच्या आधीच्या डोसाला चार आठवडे झाले नाहीत त्यांच्या कार्डावर मोठ्या अक्षरात पुढची तारीख, आणि मुकादमाचा नंबर स्वतःच्या वहीत. मग त्या तारखेला मुकादमाला फोन, बाबा तुझ्या टोळीत अमक्याचं लेकरू आहे, जवळच्या पीएचसीत पाठव. काही मुकादम ऐकायचे, काही फोनच उचलायचे नाहीत. हे करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा कुठल्या रिपोर्टमध्ये रकानाही नव्हता.

तुमच्या सोसायटीच्या शेजारी बांधकाम चालू असेल, गावाबाहेर वीटभट्टी असेल, कारखान्याचा तळ असेल, तर तिथल्या बाळाच्या आईला एकदा विचारा, साडेतीनचं झालं का? राहिलं असेल तर तिला सांगा की पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालू. पेंटा एक वर्षाच्या आत सुरू करता येतं, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देतात, पोलिओही पाच वर्षांपर्यंत. सरकारी दवाखान्यात एक रुपया लागत नाही आणि बाळ मूळचं कुठलंही असो, जिथे असेल तिथे डोस मिळतो. कार्ड हरवलं असेल तरी जायचं, नवीन करून मिळतं. आणि जमलं तर त्या दिवशी तिला दोन तास सोडावं म्हणून तिच्या मुकादमाशी किंवा ठेकेदाराशी तुम्ही बोला, तिला ते बोलता येत नाही.